मनोविश्लेषण शिकवणाऱ्या संस्थांना खुलं पत्र: कोकणाला वर्गाबाहेर ठेवू नका

मुंबई-पुण्यात मनोविश्लेषणाचं निरंतर शिक्षण चालवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त, प्रशिक्षण समित्यांचे सदस्य आणि ज्येष्ठ सुपरव्हायजर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. खेड, गुहागर, सावर्डे आणि पार देवरुखपासून पेशंट माझ्याकडे येतात. आपल्यापैकी एका संस्थेनं येत्या सत्रापासून निरंतर शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचे ऑनलाइन वर्ग बंद करायचं ठरवलं आहे. आम्हाला आलेल्या ईमेलचा आशय असा, की मनोविश्लेषण समोरासमोरच शिकता येतं, म्हणून यापुढे सगळे वर्ग आणि सगळं सुपरव्हिजन (अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली आपल्या केसवर चर्चा) मुंबईत, दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. आम्ही काही जणांनी फेरविचाराची विनंती केली. विषय संपला आहे, असं उत्तर आलं. संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण इतर संस्थांची पावलंही त्याच दिशेनं पडताना दिसताहेत, आणि मला एका संस्थेशी भांडायचं नाही. मला आपल्या सगळ्यांकडून उत्तर हवं आहे.

करोनाच्या काळात वर्ग ऑनलाइन झाले, तेव्हा आमच्यासारख्यांना हे दार पहिल्यांदा उघडलं. कणकवलीचे एक समुपदेशक, रत्नागिरीच्या एक मानसोपचारतज्ज्ञ, अलिबागला शाळेत काम करणारी एक मुलगी आणि मी, असे आम्ही एकाच सुपरव्हिजन गटात होतो. पावसात वीज जायची, नेट जायचं, मग कुणीतरी मोबाइल घेऊन खिडकीत बसायचं. पण गट चालला, आणि चांगला चालला. तो आता मोडला.

हे पत्र आपल्याला लिहिलं असलं तरी ते कोकणातल्या लोकांनीही वाचावं, असं मला वाटतं. त्यांच्यासाठी थोडं सांगते. मनोविश्लेषणात पेशंटला सल्ले देत नाहीत. मनात येईल ते, येईल तसं बोलू देतात, आणि त्या बोलण्यातल्या गाळलेल्या जागा, विसरलेल्या गोष्टी, स्वप्नं, तोंडून निसटलेले शब्द यांकडे लक्ष ठेवून ऐकतात. काही दिवसांनी पेशंट थेरपिस्टवर रागावतो, रुसतो, त्याला टाळतो किंवा त्याच्यावर फार विसंबतो. त्यात त्याची जुनी नाती नव्यानं घडत असतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं याला ट्रान्सफरन्स म्हटलं. आणि ऐकणाऱ्याच्या मनातही काही ना काही हलत असतंच. ते नुसतं वाचून ओळखता येत नाही. म्हणूनच १९२०च्या दशकात बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेनं शिक्षणाची तीन अंगं ठरवली: स्वतःचं विश्लेषण करून घेणं, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली पेशंट बघणं, आणि सिद्धांताचा अभ्यास. शंभर वर्षं होत आली तरी जगभरच्या बहुतेक संस्था याच पायावर उभ्या आहेत. पदवी घेऊन आपापल्या गावी आलेल्या माणसाला यातलं पहिलं आणि दुसरं कुठून मिळणार, हा आमचा प्रश्न आहे.

सुपरव्हिजननं नेमकं काय होतं ते एका पेशंटवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या बाई. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा त्या सासूला घेऊन माळ्यावर बसून होत्या. नवरा मुंबईला नोकरीत. पुढे पंचनामा झाला, मदत मिळाली, भिंतींना रंग लागला. पण मृग लागला की त्यांची झोप जायची. तांदळाचा डबा, कागदपत्रांची पिशवी, देवघरातले टाक, सगळं आधीच माळ्यावर जायचं. रात्री चार-चार वेळा उठून त्या पायरीवर बॅटरी मारायच्या, पाणी कुठवर आलंय ते बघायला. आकाश कोरडं असलं तरी. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी झोप परत आली, बॅटरी काही सुटली नाही. माझ्याकडे येऊ लागल्यावर कित्येक महिने त्या फक्त पाण्याबद्दल बोलल्या. मग गणपतीत मी आठवडाभर सेशन बंद ठेवली. त्यानंतर काही दिवस त्या आल्याच नाहीत, आणि आल्या त्या तापलेल्या. फी जास्त आहे, जिना अंधारा आहे, खुर्ची टोचते.

केस मी गटात मांडली. सुपरव्हायजरनी एकच प्रश्न विचारला: "पुराच्या रात्री त्यांनी कुणाची वाट पाहिली?"

वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. पुढच्या सेशनला मी त्यांना विचारलं, सणात मीही तुम्हाला टाकून गेले असं वाटलं का? त्या बराच वेळ गप्प बसल्या, हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. मग पहिल्यांदा नवऱ्याबद्दल बोलल्या. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, आठ दिवसांत जातो, सगळं लग्न असंच गेलं. त्या रात्री फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी तो काय करणार होता, हा विचार त्यांना पाण्यापेक्षा जास्त जाळत होता. पुढचा पावसाळा आला तेव्हा बॅटरी उशाशी होती, पण त्या उठत नव्हत्या.

त्या एका प्रश्नासाठी मी गटात होते. तो प्रश्न मला चिपळूणमध्ये कोण विचारणार?

आणि ही बाई एकटी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपवल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. चिपळूणला पूर आला त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली. प्रत्येक वेळी काही दिवस समुपदेशकांची पथकं येतात, पत्रकं वाटतात, परत जातात. धक्का मात्र दोन-तीन वर्षांनी, भलत्याच रूपात वर येतो, आणि तेव्हा त्या माणसासमोर आम्हीच बसलेलो असतो.

वादळ-पुराच्या आधीपासूनचंही आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत दोन-तीन पिढ्या बाप मुंबईत, चाळीत किंवा गाळ्यावर, आणि मुलं आजीकडे गावी, अशा वाढल्या. बापाची ओळख मनीऑर्डर, सणाची पिशवी आणि धाक एवढीच. आई, बाप आणि मूल एका छपराखाली आहेत असं धरून चालणारा सिद्धांत आम्हाला इथे रोज तपासून घ्यावा लागतो. त्यात गैर काही नाही. कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली, आणि आपल्या रुग्णांच्या मनात जे वेगळं दिसलं ते फ्रॉइडला पत्रानं कळवलं, त्याच्याशी मतभेद नोंदवले. फ्रॉइडच्या व्हिएन्नाला न जाता, पत्रव्यवहारावर. भारतात हे शास्त्र रुजलं तेच मुळी अंतर ओलांडून. म्हणून 'दूर असलेल्याला शिकवता येत नाही' हे वाक्य निदान आपल्या तोंडी तरी नसावं.

आता तक्रारी.

पहिली वेळेची आणि अंतराची. साडेआठला मुंबईत वर्ग सुटला की रात्रीची कोकणकन्या पकडायची, पहाटे चिपळूणला उतरायचं आणि दहाला पहिला पेशंट घ्यायचा. तेही आठवड्यातून दोनदा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, दरड आली की थांबतात. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही, कोकणात कुणाला ते सांगावं लागत नाही. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसानं काय करायचं, याचा विचार तर झालेलाच नाही. असा नियम घातल्यावर 'प्रवेश सर्वांना खुला' हे माहितीपत्रकात छापू नये.

दुसरी पैशाची. मी एका सेशनचे पाचशे रुपये घेते आणि आंब्याच्या बागेतल्या गड्याकडून किंवा बोटीवरच्या खलाशाकडून त्याहून कमी. आपल्याकडे सुपरव्हिजनच्या एका तासाला मला दोन हजार मोजावे लागत होते. हा खर्च आम्ही पदरमोड करून वर्षानुवर्षं करत आलो, आणि सुपरव्हायजरच्या वेळेला मोल असतं हे मला पूर्ण मान्य आहे. पण सवलतीच्या जागा वर्गात आहेत, सुपरव्हिजनमध्ये नाहीत, आणि खरी गरज तिथे आहे. १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत फ्रॉइड म्हणाला होता, की गरिबाला शस्त्रक्रियेची मदत मिळण्याचा जसा हक्क आहे तसाच मनाच्या उपचाराचाही आहे, आणि एक दिवस हे उपचार मोफत मिळतील. दोन वर्षांत बर्लिनला असा दवाखाना उघडला, १९२२ मध्ये व्हिएन्नाला. युद्धानं आणि महागाईनं कंबरडं मोडलेल्या शहरांत! आपल्या पहिल्या वर्गात हा इतिहास मोठ्या अभिमानानं शिकवला जातो. तो अभिमान मलाही आहे, म्हणून तर आठवण देते आहे.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते. आमच्या कामाच्या अडचणी अभ्यासक्रमात कुठेच नाहीत. थेरपिस्टनं पेशंटला बाहेर भेटू नये, स्वतःबद्दल कळू देऊ नये, हे आम्ही शिकलो. तालुक्याच्या गावात हे कसं पाळायचं? पेशंट मला मच्छी मार्केटात भेटतो, माझी मुलगी त्याच्या बहिणीच्या वर्गात असते, माझे सासरे कोण हे त्याला माझ्या आधी माहीत असतं. माझ्या क्लिनिकच्या जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान आहे; वर कोण गेलं हे संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत कळतं, म्हणून काही जण आडवाराला, भर दुपारी येतात. गटात केस मांडतानाही 'अमुक गावचे शिक्षक' एवढं म्हटलं तरी माणूस ओळखू येतो. गुप्तता कशी राखायची, बाहेर गाठ पडल्यावर पुढच्या सेशनला त्याचं काय करायचं, यावर शहरातल्या सुपरव्हायजरकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं, कारण त्यांच्यावर ही वेळच येत नाही.

आणि आमच्याकडे येणारा माणूस आधी कुठे कुठे जाऊन आलेला असतो! देवाला कौल लावलेला असतो, गाऱ्हाणं घातलेलं असतं, घाड्याकडे, म्हणजे गावच्या देवऋषाकडे जाऊन बाहेरचं काही आहे का ते बघून झालेलं असतं, कुणाच्या अंगात वारं येत असतं. त्याला अडाणी ठरवलं की तो पुन्हा येत नाही. सगळं मान्य केलं तर मी माझं काम करत नाही. अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं मनाई आहे आणि ती योग्यच आहे, पण कायदा मला पेशंटचं कसं ऐकायचं ते शिकवत नाही. गावाचा राखणदार देव कोपला, असं एखादा म्हणतो तेव्हा तो कुणाच्या रागाबद्दल बोलतो आहे, हे ऐकण्याची ताकद मनोविश्लेषणात आहे. या विषयावर आपल्या संस्थांनी आमच्याबरोबर बसून अभ्यास करायला हवा होता.

चौथी छोटी आहे. आमचे पेशंट मालवणीत, संगमेश्वरीत, मराठीत बोलतात, आणि आम्ही ते सगळं इंग्रजीत लिहून नेतो. वाचन इंग्रजीत असू द्या, पण केस तरी मराठीत मांडू द्या.

पाचवी, निरंतर शिक्षणाच्या गुणांची. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या आमच्यासारख्यांनाही नूतनीकरणासाठी गुण लागतात. एक दिवसाच्या परिषदांना ते सहज मिळतात. वर्षभर दर आठवड्याला चालणाऱ्या सुपरव्हिजन गटासाठी संस्थेनं मान्यतेचा अर्जच केलेला नव्हता. मग रत्नागिरीच्या त्या डॉक्टरबाईंनी आपला वेळ कुठे घालवावा?

आपली बाजू मी ऐकली आहे, आणि ती पूर्ण झटकून टाकत नाही. एका खोलीत दोन माणसं बसतात तेव्हा श्वास कळतो, शांतता कळते, कुणी खुर्चीत कसं सावरून बसलं ते कळतं. पडद्यावर यातलं बरंच हरवतं. स्वतःचं विश्लेषण समोरासमोर व्हावं, असं माझंही मत आहे. पण सिद्धांताचा वर्ग, केसवरची चर्चा आणि विश्लेषण या तिन्हींना एकच नियम का? पूर्व युरोपातल्या देशांत संस्था नव्हत्या, तेव्हा तिथली माणसं वर्षातून काही वेळा दुसऱ्या देशात जाऊन, ठरावीक दिवस सलग विश्लेषण करून घेत, आणि आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेनं ते मान्य केलं. चीनमधल्या थेरपिस्टना अमेरिकेतले विश्लेषक करोनाच्या कितीतरी आधीपासून व्हिडिओवर शिकवत आले आहेत. आपल्यातलेही अनेक ज्येष्ठ परदेशी गेलेल्या पेशंटशी पडद्यावरून काम चालू ठेवतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

मनोविश्लेषण आता जुनं झालं, कोकणात गोळ्या आणि हेल्पलाइन पुरे, असं म्हणणारेही आहेत. गोळ्यांशी माझं भांडण नाही. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) असो की आत्महत्येचा तातडीचा धोका, तिथे आधी मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मी स्वतः लोकांना देते. पण लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. नैराश्यावर किमान दोन उपचार करूनही सुधारणा न झालेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दीड वर्ष दर आठवड्याला मनोविश्लेषणात्मक थेरपी दिली. ती संपल्यानंतर दोन वर्षांनी त्यातले ४४ टक्के रुग्ण तीव्र नैराश्याच्या निदानात बसत नव्हते. फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. असे, वर्षानुवर्षं बरे न झालेले रुग्ण आमच्याकडे भरपूर आहेत. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. ते गंभीर आजारासाठी आहे. ते आणि घाडी यांच्या मधल्या सगळ्या माणसांसाठी आम्ही मोजके लोक आहोत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट लिहिते.

सिद्धांताचे वर्ग आणि गट-सुपरव्हिजन संस्थेच्या जिल्ह्याबाहेर राहणाऱ्यांसाठी ऑनलाइन चालू ठेवा. समोरासमोरच्या शिक्षणासाठी महिन्यातून एक शनिवार-रविवार ठरवा, आणि वर्षातून निदान तीन वेळा तो कोकणात घ्या. स्वतःचं विश्लेषण करून घेऊ इच्छिणाऱ्यांना सलग दिवसांची सोय द्या. सुपरव्हिजनमध्ये छोट्या गावांत काम करणाऱ्यांसाठी सवलतीचे तास राखून ठेवा, फी उत्पन्नावर ठरवा. केस मराठीत मांडायची मुभा द्या. छोट्या गावातली गुप्तता आणि थेरपिस्टची ओळख, यावर अभ्यासक्रमात स्वतंत्र सत्रं घाला आणि ती शिकवायला आमच्यातल्याही कुणाला बोलवा. दोन्ही परिषदांकडे गुणांसाठी अर्ज करा.

आणखी एक मागणी, आणि ती माझ्या मते सगळ्यात लवकर फळ देईल. मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांचे गट सुरू केले. आठ-दहा डॉक्टर ठरावीक दिवशी बसतात, एक जण त्रास देणाऱ्या एका पेशंटबद्दल कागद न बघता बोलतो, बाकीचे ऐकतात आणि त्या डॉक्टर-पेशंट नात्यात काय चाललंय यावर विचार करतात. याला ना पेशंटनं आडवं होऊन बोलायचा कोच लागतो ना मोठा खर्च. आमच्या ग्रामीण रुग्णालयांत छातीत धडधड, पोटात गोळा, हातापायाला मुंग्या असं सांगत तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, तपासण्या नॉर्मल निघतात आणि डॉक्टर वैतागतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे आणि तालुक्याच्या डॉक्टरांत असे गट सुरू करायला आपण प्रशिक्षित माणसं द्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ३१ नुसार मनुष्यबळाचं शिक्षण-प्रशिक्षण उभं करणं आणि सरकारी डॉक्टरांना प्राथमिक मानसिक उपचारांचं शिक्षण देणं ही सरकारची जबाबदारी आहे. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न करायचे, असंही त्यात आहे. कायदा २०१८ मध्ये लागू झाला. सरकारकडे आपण प्रस्ताव घेऊन जा, आम्ही बरोबर येतो.

आमच्याकडून काय मिळेल तेही सांगते. चिपळूणला वर्गासाठी खोली मिळेल, शिकवायला येणाऱ्यांची राहण्याजेवण्याची सोय आम्ही करू, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. पहिल्या शनिवार-रविवारसाठी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा तिन्ही जिल्ह्यांतून माणसं गोळा करायचं काम माझं.

नवं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. १५ जुलैपर्यंत आपल्या प्रशिक्षण समित्यांचं लेखी उत्तर यावं, ही विनंती. नकार असला तर कारणांसह कळवा, म्हणजे आम्हाला पुढची व्यवस्था बघता येईल.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट
चिपळूण, जि. रत्नागिरी